बतूलचा कौल

मेकनेस, १२ मे १९९६

चि. विदाद हिस,

अनेक आशीर्वाद. पुढे लिहिलं आहे ते मात्र आशीर्वाद नव्हेत, आरोपपत्र आहे. बसून वाच.

ईदेला तू आमच्याकडे चार दिवस राहिलीस. मटण मनसोक्त खाल्लंस, मामीच्या चहाची तारीफ केलीस, इथवर ठीक. परंतु मी मशिदीत गेल्याची संधी साधून तू माझ्या बास गिटारच्या चारही तारा काढल्यास, केरात टाकल्यास आणि नव्या चढवल्यास. हा प्रमाद अक्षम्य आहे. त्या तारा अकरा वर्षांच्या होत्या. मेकनेसमधल्या निम्म्या लग्नांचा घाम, लोणी आणि पिठीसाखर त्यांच्या अंगात मुरलेली होती. नव्या तारा भांड्यांच्या दुकानात वादळ शिरावं तशा वाजतात. आणि तू वर तोंड करून विचारलंस, "मामा, कशी चकचकीत दिसतेय?" तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला चकाकीचं काय सांगतेस!

असो. तक्रार संपली, आता दुखणं सांगतो.

आमच्या ताफ्याचा कायदा तुला ठाऊक आहे. बोआझ्झा मांडीवर व्हायोलिन उभं धरून सुरुवात करतो, मी त्याच्यामागे दोन फेऱ्या वाजवतो, आणि मग आम्ही सगळे बायकांच्या बैठकीकडे बघतो. तुझ्या मामीने, बतूलने, हात छातीवर ठेवला, की आवाज बरोबर. तिने डोक्याच्या रुमालाची गाठ सारखी केली, की नाही बरोबर. मग मी बटणं फिरवतो, हात सरकवतो, तिचा हात छातीवर जाईपर्यंत. बास ऐकायचा तो छातीत, असं ती लग्नाच्या आधीपासून म्हणते. बोआझ्झा 'सी' हा मानाचा शब्द लावूनच कुरकुरतो, "सी थामी, आपण नवरीला खूश करायला आलोय की तुझ्या नवरीला?" पण बघतो तोही तिकडेच. तिचा कौल आजवर चुकलेला नाही.

गेल्या शनिवारी बतूल रुमालाची गाठच सारखी करत बसली. घरी येताना म्हणाली, "थामी, तुझा आवाज पातळ झालाय. नखांनी पत्र्यावर टकटक करावी तसा."

उन्हाळा तोंडावर आला आहे, एकामागून एक लग्नं आहेत. तू स्टुडिओत दिवसभर आवाजच चाळत बसतेस, तर बिघाड केलास तसा उपायही सांग.

तुझा मामा,
थामी

ता. क. विदाद पोरी, मामाचं मनावर घेऊ नको. त्या तारांना कुबट वास यायचा, बरं केलंस. पण आवाज पातळ झालाय हे खरं. मी त्याला खोटं कधी सांगत नाही, हे तुला माहीतच आहे. — मामी


कासाब्लांका, २० मे १९९६

आदरणीय सी थामी, व्याकरणाचार्य, मृत तारांचे वारस,

गुन्हा कबूल. पश्चात्ताप नाही.

मामा, तारा नव्या आहेत म्हणून आठ-दहा दिवस किणकिणणार. पण पातळपणा तारांत नसतो, बोटांत असतो. रागावू नकोस, हे तूच मला शिकवलं होतंस, मी बारा वर्षांची असताना. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून म्हणाला होतास, "पोरी, तारेशी भांडू नको, तिला उठव." आता तू स्वतः भांडायला लागलायस. ईदेला मी तुझा हात पाहिला. तू घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, जवळ वाजवतोस आणि ओढतोस जोरात. घोडीजवळ तार ताठ असते, तिथे आवाज कडक आणि बारीक निघतो. हात मानेकडे सरकव, शेवटच्या पडद्याच्या अलीकडेच. तिथे तार सैल झुलते आणि आवाज गोल होतो. बोटाचं टोक लावू नकोस, पेराचं मांस लाव. आणि हळू वाजव. आवाज हवा असेल तर स्पीकरचं बटण वाढव, मनगटातून काढू नकोस. जोरात ओढलेली तार पडद्यावर आपटते, मामीला जी टकटक ऐकू येते ती तीच असणार.

दुसरं. तुझ्या गिटारला तारांखाली आवाज टिपणारे दोन पिकअप आहेत, एक मानेपाशी, एक घोडीपाशी. तू दोघांचीही बटणं पूर्ण उघडी ठेवतोस. ते दोघे एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात, आणि मधला, भरीव भाग गडप होतो. घोडीजवळच्याला निम्म्यावर आण. मानेजवळच्याला बोलू दे.

परवा इथे एक तरुण आला होता. गिटार इतकी महाग, की तिला स्वतंत्र खुर्ची दिली होती. वाजवलं तर डास गुणगुणतोय असं वाटावं. मी त्याचा हात धरून वीतभर पुढे नेला. तो म्हणाला, "ताई, एवढंच?" म्हटलं, "एवढंच. बाकीचे पैसे दिसण्याचे."

आणि हो, एक कॅसेट करून पाठव. डॉक्टर पत्र वाचून नाडी सांगत नाही.

तुझी,
विदाद


मेकनेस, ९ जून १९९६

चि. विदाद हिस,

तुझा उपदेश शिरसावंद्य मानला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हात मानेकडे सरकवला. पहिले काही दिवस शेजारच्या घरात जाऊन जेवावं तसं परकं वाटलं, आता सवय झाली. बोटाचं मांस लावतो, तार उठवतो, भांडत नाही. घोडीजवळच्या पिकअपला निम्म्यावर गप्प केलं. तो रुसला, पण तुझं म्हणणं खरं निघालं. मधला भरीव भाग परत आला आहे, हे मलाही कळतं.

याखेरीज मी स्वबुद्धीने एक सुधारणा केली. सूर फार वेळ लोंबकळू नये म्हणून घोडीजवळ तारांखाली स्पंजाचा तुकडा सारला. आता सूर खजुरासारखा पडतो: टप्, मऊ, आणि जागच्या जागी. स्पंज स्वयंपाकघरातला होता. बतूलने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी ताटं माझ्याकडून घासून घेतली.

बोआझ्झा खूश आहे. ताल धरणारा दरबुकावाला खूश आहे. परवाच्या लग्नात नवरदेवाचा आजा उठून माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

बतूल गाठच सारखी करते.

पहिली फेरी, गाठ. मी आवाज वाढवला. गाठ. आणखी वाढवला. शेवटी बोआझ्झा व्हायोलिन थांबवून म्हणाला, "सी थामी, तिकडे रुमाल आहे की तुझी सासू? वाजव ना बाबा!" लोक हसले. मीही हसलो. पण विदाद, तो हात छातीवर गेल्याखेरीज मला वाजवल्यासारखं वाटत नाही. तू म्हणशील, वेडेपणा. असेल. मी बासवाला झालो तोच त्या हातापायी. पहिल्या लग्नात मला सूरही धड लागत नव्हता. समोर एक अनोळखी मुलगी बसली होती, तिने हात छातीवर ठेवला आणि माझी बोटं आपोआप बरोबर पडायला लागली. पुढचं तुला ठाऊक आहे.

तर मला वाटतं, दोष पिकअपमध्ये असावा. जुना आहे, चुंबक म्हातारा झाला असेल. दुसरा मिळतो का पाहा.

कॅसेट पाठवायची राहिली. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आहे.

तुझा मामा,
थामी


कासाब्लांका, २२ जून १९९६

प्रिय मामा,

सोबत डबी आहे, सांभाळून उघड. दर्ब घल्लेफच्या बाजारात दोन शुक्रवार हिंडले तेव्हा हा पिकअप मिळाला. एका मोडक्या गिटारमधून काढलेला आहे, पण निरोगी आहे. याचे दोन तुकडे असतात, प्रत्येकाखाली दोन-दोन तारा. एकाची घरघर दुसरा खाऊन टाकतो, त्यामुळे लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांची भणभण यात शिरत नाही. आवाज जाडसर, मधला, बिनतक्रारीचा. तुझ्या स्वभावाच्या नेमका उलट.

मानेजवळच्या जागी हाच बसव. भोक थोडं कोरावं लागेल, ते सुताराकडून करून घे, स्वतः करू नकोस. उंचीकडे लक्ष दे. तारांच्या फार जवळ नेलास तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. फार खाली ठेवलास तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. शेवटच्या पडद्यावर तार दाब आणि तार व पिकअप यांच्यामध्ये दोन नाणी मावतील एवढी फट ठेव. जाड तारेच्या बाजूला किंचित जास्त.

आणि मामा, तुझा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नाहीये. काल तुमच्या शेजारच्या लल्ला ज़ुबैदांकडे फोन केला होता, तेव्हा भिंतीपलीकडून तोच वाजत होता. कॅसेट पाठव.

फोनवर मामी आल्या होत्या. बऱ्या आहेत ना त्या? इतक्या हळू बोलत होत्या, की मला रिसीव्हर कानात कोंबावा लागला. आमच्या मामी! ज्यांनी गच्चीवरून हाक मारली की खालच्या चौकातली गाढवं थांबायची!

तुझी,
विदाद


मेकनेस, १४ जुलै १९९६

चि. विदाद हिस,

पिकअप बसला. सुतार कोरताना मी शेजारी उभा होतो. माणूस मुलाच्या सुंतेला उभा राहतो तसा. नाण्यांचा हिशेब बरोबर जमला. आवाज असा निघतो की मला स्वतःचाच संशय येतो. सोबत कॅसेट आहे. झालं समाधान?

आता दुर्घटना ऐक. ज़रहूनला लग्न होतं. पहिली फेरी वाजवली, बतूलची गाठ. मी बटण वाढवलं. गाठ. वाढवलं. सगळी बटणं संपली. शेवटच्या सुराला चहाच्या तबकातले पेले आपले आपण चालायला लागले आणि एकामागून एक खाली उतरले. नवरीची आई किंचाळली. बोआझ्झाने व्हायोलिन बाजूला ठेवलं.

"सी थामी, हे लग्न आहे, भूकंप नव्हे."

"बतूल म्हणते, पातळ आहे."

"पातळ? माझे दात हलले! पुढल्या वेळी तिच्याकडे बघायचं नाही. तिला पाठमोरं बसव, नाहीतर तुला."

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. मग तोच बदामाच्या करंज्या घेऊन आला. बतूलने त्या खाल्ल्या आणि त्याच्याकडे पाहून गोड हसली. एरवी तिने त्याला दारातच सोललं असतं. ती हळू बोलते हे तुझं निरीक्षण अचूक आहे. गल्लीला वाटतं, थामीच्या बायकोला साक्षात्कार झाला. मला वाटतं, वयोमानाने येणारं सौजन्य. माझ्या वाट्याला अजून आलेलं नाही.

एक गंमत मात्र सांगतो. घरी मी रियाज करताना ती भाजी निवडत शेजारी बसते. हल्ली तिला एक खोड लागली आहे. गिटारचं डोकं, खुंट्या असतात ते टोक, तिच्या बाजूला येतं, त्यावर ती हनुवटी टेकते. मी म्हणतो, "अगं, ही उशी आहे का?" ती म्हणते, "वाजव तू." आणि डोळे मिटते. आणि मग म्हणते, "हं. आता आलास."

म्हणजे घरी बरोबर, मांडवात पातळ! याचा अर्थ दोष मांडवांचा असला पाहिजे. ताडपत्री आवाज पिते का? तू शास्त्र शिकलीस, सांग.

तुझा मामा,
थामी


कासाब्लांका, २१ जुलै १९९६

मामा,

आज चेष्टा करत नाही, म्हणून पत्र लहान आहे.

कॅसेट ऐकली. आधी एकटीने ऐकली, मग स्टुडिओतल्या सगळ्यांना बसवून. मोठ्या स्पीकरवर लावली तेव्हा टेबलावरचं पेन घरंगळत कडेपर्यंत गेलं. आमच्या मालकांनी विचारलं, "हा कोण? बोलव त्याला." मी म्हटलं, "माझा मामा, मेकनेसमध्ये व्याकरण शिकवतो." ते म्हणाले, "व्याकरण दुसरं कुणी शिकवेल."

मामा, इतका चांगला तू कधीच वाजवला नव्हतास. आवाज पातळ नाही. गोल आहे, भरलेला आहे, खाली जमिनीला टेकलेला आहे. ताडपत्री काही पीत नाही.

इथे दरबुका वाजवणारी नजात आहे. तिच्या आईचं असंच झालं होतं. आधी जड, खालचे सूर गेले. मग त्या हळू बोलायला लागल्या, कारण स्वतःचाच आवाज डोक्यात मोठा घुमायचा. दाताला, हाडाला काही टेकवलं की मात्र ऐकू यायचं.

मामी हनुवटी उगाच टेकत नाहीत.

रबातला कानाच्या डॉक्टर आहेत, नजातच्या आईला त्यांनीच पाहिलं. पत्ता मागे लिहिलाय. मामींना घेऊन जा. आणि तोवर स्पीकरचं बटण खाली आण. कृपा करून.

तुझी,
विदाद


मेकनेस, १ सप्टेंबर १९९६

चि. विदाद हिस,

उत्तराला उशीर झाला. खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून मी संतापलो होतो. शब्दकोशाच्या खाली ठेवून दिलं, सगळ्यात जाड भागाच्या. कालची पोर, आणि बतूलच्या कानाला नावं ठेवते! ज्या कानाने मला घडवलं! मग काही दिवसांनी एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगतो. त्यानंतर मी शब्दकोश उचलला आणि पत्ता काढला.

बतूलला रबातला न्यायचं म्हणजे सोपं काम नव्हे. म्हणाली, "कान माझे आहेत, वाजवतोस तू, आणि डॉक्टर कशाला?" मी म्हटलं, "विदादने वेळ घेतली आहे, न जाणं बरं दिसणार नाही." तुझ्या नावावर एक असत्य जमा झालं आहे, तेवढं पदरात घे.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलायला बोआझ्झाच्या थेट मावसबहीण. त्यांनी एक नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि बतूलच्या कानाशी धरला. "ऐकू येतं?" बतूल म्हणाली, "काय?" मग तोच काटा पुन्हा आपटून दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. बतूलचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, "बोआझ्झा सूर लावताना धरतो ना, त्याहून हा किंचित चढा आहे."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, ती म्हणते तर चढाच असणार."

मग त्यांनी मला एका कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं, आणि मी ते आपल्या भाषेत समजून घेतलं. आतला पिकअप शाबूत आहे. बाहेरच्या तारा शाबूत आहेत. मधली घोडी, तांदळाच्या दाण्याहून लहान हाड, ते जागच्या जागी घट्ट बसलं आहे, हलतच नाही. ते काढून त्या जागी नवं बसवतात. बहुतेकांना ऐकू येतं. एक कान आधी, दुसरा पुढच्या वर्षी. नजातच्या आईला आता पलीकडच्या गल्लीतली भांडणं ऐकू येतात आणि म्हणून ती पूर्वीपेक्षा सुखी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सतरा तारखेला शस्त्रक्रिया आहे. तू येते आहेस. हा प्रश्न नाही.

बाहेर पडल्यावर बतूल समुद्राच्या कठड्यापाशी बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू पातळ नव्हतासच?"

मी म्हटलं, "नव्हतो."

"आणि मी तुझे पेले फोडले?"

"पेले नवरीच्या आईचे होते."

ती हसली. खूप दिवसांनी मोठ्याने, जुन्या आवाजात. कठड्यावरचे सीगल उडाले.

माझी हालहवाल अशी: हात मानेकडेच आहे, स्पंज जागेवर, तुझा दुतुकडी पिकअप माझ्याच स्वभावाचा निघाला, फक्त कुणाला सांगत नाही. बटण अर्ध्यावर आणलं आहे आणि गंमत म्हणजे अर्ध्यावरच तो जास्त खोल लागतो. बोआझ्झा म्हणतो, "अल्लाची शपथ, आता कशाला हात लावू नकोस." तुझ्या मालकांना सांग, सुट्टीत येईन. गेल्या चार महिन्यांत मी जितकं शिकलो तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत शिकलो नव्हतो. आणि ते सगळं एका बंद पडलेल्या हाडाला खूश करण्यासाठी.

आता ती गोष्ट.

तुझं पत्र शब्दकोशाखाली होतं तेव्हाची. दुपारी मी रियाजाला बसलो होतो. वायर अजून स्पीकरला जोडली नव्हती, मांडीवर गुंडाळून ठेवली होती, नुसती बोटं मोकळी करत होतो. बिनवायरच्या गिटारचा आवाज तुला ठाऊक आहे. चार पावलांवर तो चांगल्या कानालाही जेमतेम पोचतो, वाजवणाऱ्याच्या विश्वासावर चालतो. बतूल बाजारातून आली. दारातच थांबली. माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग टोपली खाली ठेवली, हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "आज बरोबर आहे, थामी."

तिचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता. मी वाजवत राहिलो. तिला वायर दिसणार नाही असा गुडघा वळवला.

शस्त्रक्रियेची मला भीती नाही, विदाद. डॉक्टरीणबाईंचा हात स्थिर आहे, तो मी नीट पाहून घेतला. नाहीच जमलं तर कानात घालायचं यंत्र आहे, तेही नाही तर गिटारचं डोकं आहेच, हनुवटी टेकायला. तिला पुन्हा ऐकू येईल असं मला मनापासून वाटतं. पण आजवर तिने मला कधी खोटा कौल दिला नव्हता, आणि त्या दुपारी तिने तो प्रेमाने दिला. आता तो हात छातीवर जाईल तेव्हा तिने मला ऐकलं की मला सांभाळलं, हे मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझा मामा,
थामी